शब्दापासून सत्तेपर्यंत : एत्येन झिल्साँ यांचा मध्ययुगीन तत्त्वज्ञानाचा व्यासंग

युरोपीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासाची मांडणी करताना ॲरिस्टॉटल व त्याच्यामागून आलेले ग्रीक-रोमन पंथ यांच्यानंतर एकदम देकार्तकडे वळण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ होती. मधल्या सहस्रकात धर्मशास्त्र होते, वादविवाद होते, परंतु तत्त्वज्ञान मात्र नव्हते, असा या प्रथेमागील समज होय. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील विद्यापीठीय वर्तुळात तर तो जवळजवळ निर्विवाद मानला जाई. देकार्तचे प्रसिद्ध भाष्यकार हामलँ यांच्या मते देकार्त व प्राचीन यांच्यामध्ये पदार्थविज्ञानाचे अभ्यासक वगळता जणू कोणीच नव्हते. हा समज ज्यांच्या परिश्रमांमुळे टिकेनासा झाला, त्यांत एत्येन झिल्साँ (१८८४–१९७८) यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांचे ग्रंथ संख्येने विपुल आहेत; तथापि त्या सर्वांचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. एका शब्दकोशवजा सूचीपासून आरंभ झालेला व्यासंग सत्तामीमांसेच्या व नीतिमीमांसेच्या मूलभूत प्रश्नांपर्यंत कसा पोचला, आणि त्या प्रवासात इतिहासकार व तत्त्वचिंतक या दोन भूमिकांमध्ये कोणता ताण उत्पन्न झाला, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

१. सूचीपासून आरंभ

झिल्साँ यांचा जन्म १३ जून १८८४ रोजी पॅरिस येथे झाला. शालेय शिक्षण कॅथलिक वातावरणात, तर उच्च शिक्षण सोरबोन येथील सर्वस्वी धर्मनिरपेक्ष वातावरणात, असा त्यांच्या घडणीचा दुहेरी पट आहे. कोलेज द फ्रान्समध्ये बेर्गसाँ यांची व्याख्याने त्यांनी ऐकली, आणि त्यांचा ठसा जन्मभर वागविला. परंतु त्यांच्या अभ्यासाला निश्चित दिशा दिली ती ल्युसियाँ लेव्ही-ब्र्यूल यांनी. मध्ययुगाशी कोणतेही आस्थेचे नाते नसलेल्या या समाजशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्याला सुचविलेला विषय असा : देकार्तने पूर्वीच्या पंडितपरंपरेकडून नेमके काय उचलले, ते शोधून काढावे.

या सूचनेतून १९१३ मध्ये दोन प्रबंध सिद्ध झाले. एक देकार्तच्या स्वातंत्र्यविषयक विचारांचा धर्मशास्त्राशी असलेला संबंध दाखविणारा. दुसरा म्हणजे केवळ एक सूची. या सूचीत देकार्तच्या लेखनातील पारिभाषिक शब्द अकारविल्हे घेतले असून प्रत्येक शब्दासमोर थॉमस अक्वायनस, स्वारेझ, कोइंब्रा येथील भाष्यकार इत्यादींच्या ग्रंथांतील समांतर उतारे दिले आहेत. वरवर पाहता हे काम कारकुनी वाटेल. परंतु त्याचा निष्कर्ष मोठा होता. देकार्त ज्या भाषेत विचार करीत होता ती भाषा त्याने निर्माण केलेली नव्हती. ला फ्लेश येथील जेझुइटांच्या विद्यालयात ती त्याला मिळाली होती. कारण, द्रव्य, गुण, सत्य, ईश्वर या प्रत्येक संज्ञेमागे कित्येक शतकांचा वाद उभा होता. तो वाद दृष्टीआड केला, तर देकार्तने शब्द कोठे जुन्या अर्थाने वापरला आणि कोठे त्याचा अर्थ पालटला, हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

येथे एक पद्धतिविषयक बोध आहे. विचारांचा इतिहास लिहिणाराला प्रथम शब्दांचा इतिहास लिहावा लागतो. कारण नवा विचार क्वचितच नवा शब्द घेऊन येतो, बहुधा तो जुन्याच शब्दाच्या घरात बिऱ्हाड करतो. या शोधाचा झिल्साँ यांच्यावर झालेला परिणाम अनपेक्षित होता. देकार्तची उसनवारी मोजण्यासाठी त्यांनी अक्वायनस वाचावयास घेतला, आणि मूळ भांडवल उसन्या घेतलेल्या भागाहून पुष्कळच अधिक आहे, अशी त्यांची खात्री झाली.

२. युद्ध, बंदिवास आणि अध्यापन

१९१३ मध्ये झिल्साँ लील विद्यापीठात अध्यापक झाले आणि तेथे त्यांनी अक्वायनसच्या दर्शनावर व्याख्याने दिली. पुढील वर्षी महायुद्ध सुरू झाले. फेब्रुवारी १९१६ मध्ये व्हेर्दंच्या आघाडीवर ते जर्मन सैन्याच्या हाती सापडले आणि युद्ध संपेपर्यंत बंदीवासात राहिले. तेथे त्यांनी रशियन भाषेचा अभ्यास केला आणि तेराव्या शतकातील फ्रान्सिस्कन तत्त्वज्ञ बोनाव्हेंच्युरा याचे ग्रंथ वाचले. या वाचनाचे फळ १९२४ च्या बोनाव्हेंच्युराविषयक ग्रंथात दिसते.

लील येथील व्याख्यानांतून ‘ल तोमिझ्म’ हा ग्रंथ १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ते स्ट्रासबुर्ग विद्यापीठात रुजू झाले. मार्क ब्लॉक व ल्युसियाँ फेव्र हे इतिहासकार तेथे त्यांचे सहकारी होते. १९२१ मध्ये ते सोरबोनला आले. १९२६ मध्ये गाब्रिएल तेरी यांच्यासह त्यांनी मध्ययुगीन विचार व वाङ्मय यांच्या इतिहासाला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. १९२९ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे मध्ययुगीन विद्यांच्या अभ्यासाची संस्था स्थापन होण्यात त्यांचा प्रमुख वाटा होता. १९३९ मध्ये या संस्थेला पोपची सनद मिळाली. मध्ययुगीन तत्त्वज्ञान हे त्या काळच्या लिपी, कायदा, उपासना, वाङ्मय यांपासून अलग करून शिकता येत नाही, या तत्त्वावर या संस्थेचा अभ्यासक्रम आधारलेला होता. हस्तलिखित वाचू न शकणाऱ्याने त्यातील सिद्धांतावर मत देऊ नये, ही शिस्त विद्यार्थ्यांच्या अंगी बाणविणे हे तिचे उद्दिष्ट होते. १९३२ मध्ये कोलेज द फ्रान्समध्ये मध्ययुगीन तत्त्वज्ञानाच्या इतिहासाच्या अध्यासनावर झिल्साँ यांची नियुक्ती झाली.

३. ‘ख्रिस्ती तत्त्वज्ञान’ संभवते काय ?

या काळातील सर्वांत गाजलेला वाद ‘ख्रिस्ती तत्त्वज्ञान’ या संज्ञेविषयीचा होय. तत्त्वज्ञानाचे इतिहासकार एमिल ब्रेये यांचे म्हणणे असे की, ज्याप्रमाणे ख्रिस्ती गणित किंवा ख्रिस्ती पदार्थविज्ञान असू शकत नाही, त्याप्रमाणेच ख्रिस्ती तत्त्वज्ञानही असू शकत नाही. तत्त्वज्ञान बुद्धीने चालते. श्रद्धा जेथे निर्णय देते तेथे तत्त्वज्ञान थांबते. मार्च १९३१ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञान परिषदेच्या सभेत झिल्साँ यांनी याला उत्तर दिले.

त्यांच्या उत्तराचे मर्म ध्यानात घेणे अगत्याचे आहे, कारण त्याचा विपर्यास सहज होतो. श्रद्धेतून निघालेले विधान श्रद्धेमुळेच सिद्ध होते, असे झिल्साँ म्हणत नाहीत. त्यांचा मुद्दा ऐतिहासिक आहे. जग शून्यातून निर्माण झाले, म्हणजेच ते नसणेही शक्य होते, ही कल्पना ग्रीकांच्या ठायी आढळत नाही; ती बायबलमधून आली. परंतु एकदा ती आल्यावर तत्त्वज्ञांनी तिच्यावर बुद्धीने विचार केला, तिच्यातून सापेक्ष व निरपेक्ष अस्तित्वाचे भेद काढले, आणि पुढे देकार्त, लायब्निट्स यांसारख्यांनी ते भेद तर्काच्या बळावरच वापरले. कल्पनेचा उगम एका ठिकाणी व तिचे समर्थन दुसऱ्या ठिकाणी असू शकते. ॲबर्डीन येथे १९३१ व १९३२ या वर्षांत दिलेल्या गिफर्ड व्याख्यानांत हीच भूमिका त्यांनी सविस्तर मांडली.

आक्षेपही दुर्बल नव्हते. १९३३ मध्ये ज्युव्हिसी येथे भरलेल्या चर्चासत्रात कॅथलिक विद्वानांतच मतभेद दिसून आले. धर्मशास्त्र व तत्त्वज्ञान यांच्या सीमा अक्वायनसने स्वतःच आखल्या असताना त्या पुसट करणे हा त्याच्यावर अन्याय आहे, असे पुष्कळांना वाटले. प्रश्न केवळ नावाचा नव्हता. झिल्साँ यांचे म्हणणे मान्य केल्यास मध्ययुगाला तत्त्वज्ञानाच्या इतिहासात स्थान मिळते, परंतु ते धर्माच्या आश्रयाने. अमान्य केल्यास मध्ययुगीन ग्रंथांतून धर्मशास्त्र गाळून उरेल तेवढेच तत्त्वज्ञान हाती लागते, आणि जे उरते ते बहुधा निर्जीव असते. या पेचातून आजही अभ्यासकांची पूर्ण सुटका झालेली नाही.

४. हेतू, कृती आणि एलोईझची साक्ष

नीतिशास्त्राच्या दृष्टीने झिल्साँ यांचे सर्वांत वाचनीय पुस्तक म्हणजे १९३८ मधील ‘एलोईझ ए आबेलार’ होय. बाराव्या शतकातील तर्कपंडित आबेलार व त्याची शिष्या एलोईझ यांची प्रेमकथा युरोपात सर्वश्रुत आहे. झिल्साँ यांनी मात्र तिच्यात एक नैतिक प्रश्न पाहिला.

आबेलारच्या नीतिशास्त्राचे सूत्र थोडक्यात असे सांगता येईल. मनात वासना उद्भवणे हे पाप नव्हे. बाह्य कृती हेही स्वतः पाप नव्हे. जे अनुचित आहे असे आपण जाणतो त्याला मनाने दिलेली संमती, ईश्वराची अवहेलना करणारी संमती, हेच पाप. कृतीमुळे पापात भर पडत नाही. या सूत्राचा आबेलारने स्वतःच काढलेला निष्कर्ष धर्ममार्तंडांना असह्य झाला : ख्रिस्ताला क्रूसावर देणाऱ्यांनी आपण ईश्वराचेच कार्य करीत आहो अशा समजुतीने ते केले असेल, तर अवहेलनेच्या अर्थाने त्यांच्याकडून पाप घडले असे म्हणता येत नाही. सांस येथील धर्मसभेत आबेलारवर जे आरोप ठेवण्यात आले त्यांत या मताचाही समावेश होता.

झिल्साँ यांचे वैशिष्ट्य हे की, या सिद्धांताची कसोटी त्यांनी आबेलारच्या ग्रंथात न पाहता एलोईझच्या पत्रांत पाहिली. आबेलारच्या आज्ञेवरून तिने आर्जांतय येथील मठात संन्यासिनीचे वस्त्र घेतले. पुढे ती श्रेष्ठ मठाधिपती म्हणून गौरविली गेली. परंतु पत्रांत ती स्वतःविषयी विलक्षण निष्ठुर निर्णय देते. हे व्रत तिने ईश्वरासाठी नव्हे, आबेलारसाठी घेतले. आणि मूल्य जर हेतूवर अवलंबून असेल, तर तिच्या साऱ्या तपाचरणाला ईश्वराकडून कोणतेही फळ अपेक्षिता येत नाही. जगाने ज्या हेतुवादाचा आधार घेऊन तिला दोषमुक्त केले असते, तोच हेतुवाद ती आपल्या पुण्याविरुद्ध वापरते. गुरूने जो सिद्धांत शिकविला, तो गुरूपेक्षा शिष्येने अधिक प्रामाणिकपणे जगून दाखविला, आणि तोही स्वतःच्या विरुद्ध.

या संदर्भात अक्वायनसची भूमिका तुलनेने पाहण्याजोगी आहे. कर्माचा विषय, कर्त्याचा हेतू व परिस्थिती या तिन्हींवर कर्माची योग्यता अवलंबून असते, असे तो मानतो. केवळ हेतू चांगला असून भागत नाही. तथापि सदसद्विवेकबुद्धी चुकली असली तरी तिच्याविरुद्ध वागणे हा दोषच, हेही तो निःसंदिग्धपणे सांगतो. मात्र चुकलेली बुद्धी नेहमीच दोषमुक्त करते असे नाही. जे जाणून घेणे कर्तव्य होते ते न जाणण्याचा दोष शिल्लक राहतो. आबेलारचा अंतर्मुख आग्रह न सोडता बाह्य कर्माचे वजन परत आणण्याचा हा प्रयत्न होय. ग्रीक नीतिविचाराच्या तुलनेत मध्ययुगाने हेतू, संमती व बंधनकारकता या संकल्पनांना दिलेले महत्त्व हा झिल्साँ यांच्या गिफर्ड व्याख्यानांचाही एक विषय आहे.

या ग्रंथाचा एक भाषिक पैलूही उल्लेखनीय आहे. पत्रे एलोईझची नसावीत, असे म्हणणाऱ्यांनी त्यांतील विसंगतींवर बोट ठेवले होते. झिल्साँ यांनी ‘कोन्व्हेर्सातिओ’ या लॅटिन शब्दाकडे लक्ष वेधले. मठवासीयांच्या लॅटिनमध्ये त्याचा अर्थ संभाषण असा नसून व्रतस्थ जीवन, जीवनक्रम असा आहे. शब्दाचा हा अर्थ घेतल्यास एलोईझची तक्रार व्रतग्रहणाच्या आरंभकाळाविषयीची ठरते आणि एक प्रमुख विसंगती नाहीशी होते. पुढे १९७२ मध्ये जॉन बेंटन यांनी पत्रांच्या अस्सलपणाविषयी पुन्हा तीव्र शंका उपस्थित केली, परंतु काही वर्षांनी त्यांनी ती बरीचशी मागे घेतली. आज बहुसंख्य अभ्यासक पत्रे अस्सल मानतात.

५. ‘असणे’ या क्रियापदाचा प्रश्न

‘ल तोमिझ्म’ या ग्रंथाच्या आवृत्त्या १९१९ पासून १९६५ पर्यंत निघत राहिल्या, आणि सहावी आवृत्ती हे पहिलीचे पुनर्मुद्रण मुळीच नव्हे. १९४० नंतरच्या दशकातील आवृत्त्यांत ग्रंथाचे केंद्रच बदलले. अक्वायनसच्या दर्शनाचा गाभा ‘एस्से’ म्हणजे असण्याची क्रिया हा आहे, असे झिल्साँ आता प्रतिपादन करू लागले. वस्तू काय आहे हे तिचे सत्त्व. वस्तू आहे ही तिची सत्ता. पहिल्याची व्याख्या करता येते, संकल्पना बनविता येते. दुसरी केवळ विधानात, म्हणजे ‘आहे’ या क्रियापदात पकडता येते. १९४८ मधील ‘लेत्र ए लेसांस’ या ग्रंथात त्यांनी असे दाखविले की, तत्त्वज्ञांनी वारंवार सत्तेचे रूपांतर सत्त्वात केले, क्रियापदाचे नाम बनविले आणि मग त्या नामाच्या मागे धावत राहिले.

फ्रेंच भाषेत ‘एत्र’ हा एकच शब्द नाम व क्रियापद या दोन्ही रूपांनी वावरतो, त्यामुळे हा घोटाळा त्या भाषेत विशेष सुलभ होतो. मराठी वाचकास हाच प्रश्न निराळ्या रूपाने भेटतो. ‘देव आहे’ आणि ‘देव दयाळू आहे’ या दोन वाक्यांत ‘आहे’ एकच असले तरी कार्य एक नाही. पहिल्यात ते अस्तित्वाचे विधान करते. दुसऱ्यात ते उद्देश्य व विधेय यांना जोडते. दुसऱ्या प्रकारचे ‘आहे’ मराठीत गाळताही येते. ‘हा माझा भाऊ’ हे वाक्य पूर्ण आहे. शिवाय मराठीने ‘आहे’ व ‘असतो’ असा एक भेद राखला आहे. ‘पाणी थंड आहे’ हे समोरच्या वस्तुस्थितीचे कथन. ‘बर्फ थंड असतो’ हे स्वभावाचे कथन. स्वभाव सांगणाऱ्या दुसऱ्या वाक्याला या क्षणी कोठे बर्फ असण्याची आवश्यकता नाही. सत्ता व सत्त्व यांचा शास्त्रीय भेद या व्याकरणभेदाशी तंतोतंत जुळतो असे मुळीच नाही. तथापि त्या भेदाकडे जाण्याची वाट येथे मोकळी आहे.

भाषांतराच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. ‘सत्ता’ हा शब्द आज मराठीत मुख्यतः अधिकार या अर्थी रुळला असल्यामुळे ‘एस्से’साठी आपण ‘अस्तित्व’ हा शब्द योजतो. हा शब्द ‘अस्ति’ या क्रियारूपाला ‘त्व’ प्रत्यय लावून झाला आहे, अर्थात ‘आहे-पण’. नाम बनतानाही त्याने आपले क्रियापद पोटात जपून ठेवले आहे. सत्तामीमांसेत क्रियापद हरवू नये, या झिल्साँ यांच्या आग्रहाला इतका अनुकूल शब्द फ्रेंचमध्ये त्यांना लाभला नव्हता.

पंच्याऐंशीच्या घरात असताना, १९६९ मध्ये, झिल्साँ यांनी भाषाविज्ञान व तत्त्वज्ञान यांच्या संबंधावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ध्वनींचे वर्णन शास्त्र करू शकते, परंतु ध्वनी अर्थवान कसा होतो हा प्रश्न भाषाविज्ञानाच्या पद्धतींनी सुटत नाही, तो तत्त्वज्ञानाकडे परत येतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ज्याने सूचीपासून आरंभ केला तो अखेरीस शब्दाच्या स्वरूपाकडे वळला, यात संगती आहे.

६. प्रवादाचे दिवस

झिल्साँ ग्रंथालयापुरते मर्यादित नव्हते. १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत ते फ्रेंच शिष्टमंडळात होते; १९४६ मध्ये फ्रेंच अकादमीवर त्यांची निवड झाली; १९४७–४८ मध्ये ते फ्रेंच संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य होते. अटलांटिक कराराच्या काळात ‘ल मोंद’ या दैनिकात त्यांनी लिहिलेल्या लेखांत युरोपने तटस्थ राहण्याचा विचार करावा असा सूर होता. १९५० मध्ये अमेरिकेतील एका प्राध्यापकाने त्यांच्यावर खाजगी संभाषणात काढलेल्या उद्गारांवरून जाहीर आरोप केले. झिल्साँ यांनी ते नाकारले, परंतु पॅरिसमध्ये वादळ उठले. ते कोलेज द फ्रान्समधून निवृत्त होऊन टोरांटोला गेले, आणि १९५१ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांच्या सभेने निवृत्त प्राध्यापकास प्रथेनुसार मिळणारी सन्माननीय पदवी त्यांना नाकारली. मूळ मजकूर पाहिल्याखेरीज कोणाच्याही मतावर निर्णय देऊ नये, ही शिस्त ज्याने दोन खंडांत शिकविली, त्याचा निवाडा ऐकीव शब्दांवर झाला.

७. मूल्यमापन

झिल्साँ यांच्या मर्यादा पुढील पिढीने स्पष्ट दाखविल्या आहेत. त्यांच्या चित्रात अक्वायनस हे शिखर असून बाकीची भूमी त्याच्या चढणीची वा उताराची ठरते. अरबी तत्त्वज्ञानाचे महत्त्व ते जाणत होते. इब्न सीनाच्या लॅटिन परंपरेवर त्यांनी स्वतः मूलगामी लेखन केले. तरीही ते तत्त्वज्ञान त्यांच्या मांडणीत प्रामुख्याने उगमाच्या नात्याने येते, स्वतःच्या हक्काने नव्हे. मध्ययुगीन तर्कशास्त्र व व्याकरणमीमांसा यांना तर त्यांच्या १९५५ च्या बृहद् इतिहासात अल्पच जागा मिळाली. १९६० नंतर द रैक, पिनबोर्ग प्रभृतींनी पद व अर्थ यांविषयीच्या मध्ययुगीन सिद्धांतांचे भांडार उघडले, आणि या क्षेत्राचे चित्र पालटले. धर्मशास्त्राचा आश्रय न घेताही मध्ययुगाला तत्त्वज्ञान होते, हे या संशोधनाने सिद्ध केले. ब्रेये यांच्याशी झालेल्या वादाला अशा रीतीने तिसरेच उत्तर मिळाले.

परंतु हे नवे संशोधन ज्या पायावर उभे राहिले तो पाया झिल्साँ यांच्या पिढीने घातला, हे विसरता येत नाही. मूळ ग्रंथ, मूळ भाषा, शब्दाचा त्या काळचा अर्थ, आणि स्वतःच्या जुन्या मताची फेरतपासणी : ही चार साधने त्यांनी अखेरपर्यंत हातावेगळी केली नाहीत. १९ सप्टेंबर १९७८ रोजी फ्रान्समधील ओसेर येथे त्यांचे निधन झाले. एकाच ग्रंथाला सेहेचाळीस वर्षे पुनःपुन्हा हात घालून त्याचे केंद्र बदलणारा लेखक आपल्या पहिल्या आवृत्तीविषयी मौन राखून प्रतिष्ठा जपू शकला असता. झिल्साँ यांनी तसे केले नाही. त्यांची अनुमाने मान्य असोत वा नसोत, तरुण संशोधकाने त्यांच्यापासून प्रथम घ्यावयाचा धडा हाच होय.